शुद्ध भक्ती म्हणजे नेमकं काय? गोदाकाठचं एक उत्तर

पौष वद्य एकादशी जवळ आली की आमच्या नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावर पहाटे आधी टाळ ऐकू येतात, मग धुक्यातून पताका दिसायला लागतात. निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या. आमच्या कॉलनीतली काही घरं मिळून आम्ही दरवर्षी सातपूरच्या पुढे चहा द्यायला उभे राहतो. यंदा माझा भाचा मदतीला होता. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आलं किसून किसून त्याची बोटं झणझणत होती, तरी तो हौसेने कप भरत होता.

निफाडकडच्या एका दिंडीतल्या आजी थांबल्या. डोक्यावर तुळस होती. ती सुनेच्या हातात देऊन त्यांनी कप दोन्ही तळव्यांत धरला. थंडीच तशी होती. भाच्याने सहज विचारलं, "आजी, नाथांकडे काय मागणार?" त्या म्हणाल्या, "गारा नको म्हणून सांगणार. बागेला माल धरलाय."

दिंडी पुढे गेल्यावर तो मला म्हणाला, "मावशी, तू तर सांगतेस की खरी भक्ती म्हणजे काही न मागणं. मग आजींची भक्ती काय खोटी? आणि मागायचंच नसेल तर एवढं चालत जायचं कशाला?"

पातेल्यासमोर रांग होती, तेव्हा उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी दिलं, आणि ते इतकं लांबलं की इथे लिहूनच काढते आहे.

सगळ्यात आधी, आजींची भक्ती खोटी नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात श्रीकृष्णाने आपल्याकडे येणारे चार प्रकारचे लोक सांगितलेत: संकटात सापडलेला, जाणून घ्यायची इच्छा असलेला, काहीतरी हवं असलेला आणि ज्ञानी. ज्ञानी सर्वांत जवळचा, असं तो म्हणतो खरं, पण त्याआधी स्पष्ट सांगतो, ‘उदाराः सर्व एवैते’. हे सगळेच थोर आहेत. गारपिटीची भीती घेऊन देवापाशी जाणारी बाई त्याच यादीत आहे. भागवत तर आणखी पुढे जातं: काही नको असो, सगळं हवं असो किंवा मोक्ष हवा असो, माणसाने भजायचं ते त्या परमपुरुषालाच, आणि तेही तीव्रतेने. दार कुणालाच बंद नाही.

वैष्णव आचार्यांना प्रश्न पडला तो पुढचा. दारातून आत गेल्यावर माणूस कुठवर जाऊ शकतो?

याचं एक टोक प्रल्हादाच्या गोष्टीत दिसतं. हिरण्यकशिपू मारला गेला आहे, नृसिंह त्या पोराला वर माग म्हणतो, आणि प्रल्हाद उत्तर देतो की जो तुझ्याकडून काही मिळण्याची आशा ठेवतो तो सेवक नव्हे, ‘स वै वणिक्’, तो वाणी. दिलं-घेतलं, हिशेब चुकता. फारच आग्रह झाला तेव्हा त्याने मागितलं ते एवढंच की माझ्या मनात काही मागायची इच्छाच उगवू देऊ नकोस. त्यानंतर मात्र त्याने एक गोष्ट मागितलीच, आणि ती मला दर वेळी थांबवते. ज्या बापाने आपल्याला छळलं त्याचं पाप धुतलं जावं, हे त्याने मागितलं. ते स्वतःसाठी नव्हतं, म्हणून कुणी त्याला वाणीपणा म्हटलं नाही.

आता व्याख्या. ती केली रूप गोस्वामींनी. हे एकेकाळी बंगालच्या हुसेनशहाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. ते सगळं सोडून बंगालचे कृष्णभक्त संत चैतन्य महाप्रभू यांच्या सांगण्यावरून वृंदावनात गेले आणि १५४१ साली त्यांनी ‘भक्तिरसामृतसिंधु’ पूर्ण केला. त्यातला सुरुवातीचाच श्लोक असा:

अन्याभिलाषिताशून्यं ज्ञानकर्माद्यनावृतम् ।
आनुकूल्येन कृष्णानुशीलनं भक्तिरुत्तमा ॥

संस्कृत बघून घाबरू नका, शब्द शब्द सोडवू या. ‘अनुशीलन’ म्हणजे सतत चाललेली सेवा, शरीराने, वाणीने, मनाने. पण नुसतं सतत स्मरण पुरत नाही. कंसही कृष्णाचा विचार उठता-बसता करत होता, पण भीतीने आणि वैराने. म्हणून ‘आनुकूल्येन’: त्याला आवडेल, त्याला सुखावेल असं. हा झाला व्याख्येचा गाभा.

उरलेले दोन शब्द म्हणजे गाळणी. ‘अन्याभिलाषिताशून्य’: त्याच्या सेवेवाचून दुसरी ओढ नाही. ‘ज्ञानकर्माद्यनावृत’: ज्ञानाने, कर्माने झाकलेली नाही. इथे शब्द नीट पाहा. रूप गोस्वामी ‘ज्ञानाशिवाय, कर्माशिवाय’ असं म्हणत नाहीत, ‘अनावृत’ म्हणतात. माणूस शिकेल, नोकरी करेल, बाग छाटेल, हे सगळं असणारच. फक्त त्याची काजळी कंदिलाच्या काचेवर चढू नये. काच आहे म्हणून ज्योत वाऱ्याने विझत नाही. काच काळी झाली की तीच ज्योत दिसेनाशी होते.

भागवताच्या पहिल्या स्कंधात याच भक्तीला दोन विशेषणं लावली आहेत: ‘अहैतुकी’ आणि ‘अप्रतिहता’. तिला कारण लागत नाही आणि ती अडवल्याने अडत नाही. दुसरं विशेषण मला पहिल्याहून महत्त्वाचं वाटतं. कारण आपल्या मनात हेतू आहे की नाही हे आपल्यालाही धड कळत नाही, पण भक्ती कुठे अडते ते लगेच कळतं. मी त्या आजींना कप परत घेताना विचारलं होतं, "मागल्या साली कशी होती बाग?" त्या म्हणाल्या, "मागल्या साली झोपली की. घड मातीत." मी म्हटलं, "तरी आलात?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "एकादशी आली, मग यायला नको?" असं म्हणून त्यांनी तुळस उचलली.

मागणं होतं, पण येणं त्या मागण्यावर टांगलेलं नव्हतं. रूप गोस्वामींच्या व्याख्येत आजी पूर्ण बसतात की नाही हे ठरवणारी मी कोण? पण ‘अप्रतिहता’ म्हणजे काय हे भाच्याला दाखवायला मला दुसरं उदाहरण शोधावं लागलं नाही.

आता गोदावरीकडे येते, कारण या विषयातला सर्वांत सुंदर संवाद तिच्याच काठावर झाला. आपल्या काठावर नव्हे, पार दुसऱ्या टोकाला, आंध्रात राजमहेंद्रीजवळ. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली नदी समुद्राला मिळायच्या बेतात असते, तिथे. १५१० साली चैतन्य महाप्रभू जगन्नाथपुरीहून दक्षिणेकडे निघाले आणि तिथे त्यांची गाठ रामानंद रायांशी पडली. रामानंद हे ओडिशाच्या गजपती राजाचे त्या भागातले अधिकारी. कृष्णदास कविराजांच्या बंगाली ‘चैतन्यचरितामृत’ ग्रंथात हा संवाद सविस्तर आहे. त्याच ग्रंथाप्रमाणे महाप्रभू पुढे पंढरपूरला आले, मग नाशिक-त्र्यंबकला, ब्रह्मगिरीला आणि कुशावर्तावर, ‘जिथे गोदावरी जन्मली’ तिथे. आपल्या गावाचं नाव त्या ओळीत पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते.

संवाद असा. महाप्रभू विचारतात: माणसाने गाठायचं सर्वांत मोठं ध्येय कोणतं? रामानंद म्हणतात, आपापला धर्म पाळून विष्णूची आराधना. उत्तर येतं, ‘एहो बाह्य, आगे कह आर’. हे बाहेरचं झालं, पुढे सांग. मग, केलेलं सगळं कर्म कृष्णाला अर्पण करणं? हेही बाहेरचं, पुढे सांग. सगळे धर्म सोडून एकट्या त्याला शरण जाणं? आपल्याला वाटतं इथे तरी थांबतील, कारण हा तर गीतेच्या शेवटाकडचा ‘सर्वधर्मान्परित्यज्य’. पण नाही, हेही बाहेरचं. का? मला पटतं ते असं: त्याच श्लोकात ‘मी तुला सर्व पापांतून सोडवीन’ असं आश्वासन आहे. शरण जाणाऱ्याच्या मनात अजून आपल्या सुटकेची काळजी आहे. केंद्रात अजून ‘मी’ आहे. मग ज्ञानाने मुरलेली भक्ती? तीही बाहेरची.

पाचव्या उत्तराला सूर बदलतो. ज्ञानाचा खटाटोप बाजूला ठेवून, आहे तिथेच राहून, संतांच्या तोंडून त्याच्या गोष्टी ऐकत जगणं. ‘एहो हय’. हं, हे बरोबर. आता पुढे सांग.

आणि पुढे पायऱ्या राहत नाहीत, नाती सुरू होतात. आधी प्रेमभक्ती, मग दास्य, सख्य, वात्सल्य, आणि शेवटी गोपींचं, त्यांतही राधेचं प्रेम. सख्यापासून पुढे महाप्रभू ‘हे उत्तम’ म्हणू लागतात. शेवटी रामानंद स्वतः रचलेलं एक पद म्हणतात तेव्हा महाप्रभू आपल्या हाताने त्यांचं तोंड झाकतात. याच्या पुढचं बोलायचं नसतं.

भाच्याने इथे अडवलं. "ज्ञान बाहेरचं कसं? देव कोण हे कळलं तर प्रेम वाढायला हवं ना?"

याचं उत्तर दोन प्रसंगांत आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाने विश्वरूप पाहिलं आणि काय केलं? माफी मागितली. तुला मी ‘अरे कृष्णा, अरे यादवा, अरे सख्या’ म्हणालो, जेवताना, झोपताना थट्टा केली, क्षमा कर. देवाचं मोठेपण कळलं आणि मैत्री आक्रसली, हात जोडले गेले. गोकुळात यशोदेनेही कृष्णाच्या तोंडात सगळं विश्व पाहिलं. क्षणभर तिचीही मती गुंग झाली. पण पुढच्या क्षणी ते सगळं विसरून तिने पोराला मांडीवर घेतलं. तिच्यासाठी माती खाल्लेलं तोंड हीच मोठी गोष्ट होती. वैष्णव आचार्य म्हणतात की यशोदेचं हे विसरणं अज्ञान नाही. प्रेम इतकं दाट झालंय की देवाचा देवपणा त्याखाली बुडून गेलाय.

याच यशोदेने पुढे त्याला उखळाला बांधायला घेतलं तर दोरी दर वेळी दोन बोटं कमी पडली. घरातल्या सगळ्या दोऱ्या जोडल्या तरी दोनच बोटं कमी. ती घामाघूम झाली, अंबाड्यातली फुलं गळाली, तेव्हा त्यालाच तिची दया आली आणि तो बांधला गेला. टीकाकार म्हणतात, एक बोट भक्ताच्या धडपडीचं आणि दुसरं त्याच्या कृपेचं. धडपडीने एकटीने दोरी पुरत नाही, आणि धडपड न करता कृपेची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातात तर दोरीच नसते.

आपल्याकडे हे नातं उलटं चालतं हे तुमच्या लक्षात आलं असेल. यशोदा देवाला मूल करते, वारकरी देवाला आई करतो. विठाई, माउली. जनाबाईबरोबर दळायला बसणारा, पैठणला एकनाथांच्या घरी पाणी भरणारा देव हा लेकराची कामं करणाऱ्या आईसारखा आहे. वारकरी परंपरा आणि बंगालची गौडीय परंपरा यांत तत्त्वाचाही फरक आहे. ज्ञानेश्वरांच्या मते देव-भक्त एक झाले तरी त्या एकपणातही भक्ती उरते, आणि ती बोलून सांगण्यासारखी नाही. गौडीय म्हणतात, प्रेमाला दोघं लागतातच. मी या वादात पडत नाही. पण एका जागी दोन्ही वाटा इतक्या जवळ येतात की आश्चर्य वाटतं. तुकोबा ‘हेचि दान देगा देवा’मध्ये मुक्ती, धन, संपदा काही नको म्हणतात आणि शेवटी खुशाल पुन्हा जन्माला घाल म्हणतात. भागवतात विष्णूचा अवतार मानलेले कपिल मुनी सांगतात की माझ्या लोकात राहणं, माझ्यासारखं रूप, माझ्याशी एकत्व, यांतलं काहीही देऊ केलं तरी माझे भक्त सेवेवाचून ते घेत नाहीत. रूप गोस्वामी तर उत्तम भक्तीचं एक लक्षणच सांगतात, ‘मोक्षलघुताकृत्’. मोक्ष हलका वाटायला लावणारी. जन्ममरणातून सुटका ज्या संस्कृतीत सर्वांत मोठी गोष्ट मानली, त्याच संस्कृतीतल्या या लोकांनी ती ताटातून बाजूला सारली.

मग प्रेम म्हणजे नक्की काय? कृष्णदास कविराजांनी एका ओळीत वाटणी केली आहे. स्वतःच्या इंद्रियांना सुख मिळावं ही इच्छा म्हणजे काम, कृष्णाला सुख मिळावं ही इच्छा म्हणजे प्रेम. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तेच रडणं, तीच ओढ, तेच नटणं. फरक फक्त कुणासाठी, एवढाच. त्यामुळे कीर्तनात डोळ्यांत पाणी आलं म्हणजे प्रेम जागं झालं, असं लगेच समजू नये. मलाही येतं, आणि निम्म्या वेळा ते मृदंगामुळे येतं.

एका गैरसमजाबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचं आहे. ‘शुद्ध’ म्हटलं की आपल्याकडे पटकन सोवळं डोळ्यांसमोर येतं. कोण शिवला, कोण कुठल्या जातीचा. शुद्ध भक्तीतला ‘शुद्ध’ हा त्या अर्थाचा शब्दच नाही. त्याचा अर्थ भेसळ नसलेली, निर्भेळ. रामानंद रायांनी स्वतःला शूद्र म्हणवलं, तरी ब्राह्मण संन्यासी असलेल्या महाप्रभूंनी त्यांना मिठी मारली, त्यांच्यापुढे शिकायला बसले आणि म्हणाले, ब्राह्मण असो, संन्यासी असो, शूद्र असो, कृष्णतत्त्व जो जाणतो तोच गुरू. चोखोबांनी तर ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ असं कधीच सांगून ठेवलं होतं.

आणि हे सगळं पाठ असलेल्या आपल्या शहरात, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचे दरवाजे माणसांवर बंद झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या साथीने हजारो लोक दारापर्यंत आले होते. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्यांचा प्रश्न माणुसकीच्या हक्काचा होता, भक्तीच्या व्याख्येचा नव्हता. तो मी इकडे ओढून आणणार नाही. पण आतल्या बाजूने दार धरून उभे असलेल्यांची भक्ती मी रूप गोस्वामींच्या श्लोकावर तपासून पाहते तेव्हा ती ‘आनुकूल्येन’ या शब्दावरच अडते. रामाला हे आवडलं असतं का, एवढंच विचारायचं होतं. भागवतात प्रल्हादच म्हणतो की बारा गुणांनी युक्त पण हरीला विन्मुख ब्राह्मणापेक्षा मन त्याच्या ठायी लावलेला श्वपच, म्हणजे समाजाने अस्पृश्य ठरवलेला माणूस, श्रेष्ठ. पंचवटीत माझं घर त्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर आहे. दर्शनाला जाताना हे आठवल्याशिवाय मला पायरी चढता येत नाही.

हे प्रेम येतं कसं, हे भाच्याने विचारलंच. त्याचा क्रम सांगितलेला आहे: श्रद्धा, मग साधूंची संगत, मग भजन, मग मनातली अडगळ निघत जाणं, निष्ठा, गोडी, आसक्ती, भाव आणि सगळ्यांत शेवटी प्रेम. साधनं तीच, श्रवण-कीर्तनापासून आत्मनिवेदनापर्यंतची नऊ, जी समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात एकेक समास देऊन सांगितली. ते समर्थ आपल्या टाकळीला बारा वर्षं नामजप करत राहिले होते. ती गंमत नव्हे, आणि आठवड्याच्या शिबिरात उरकण्यासारखं तर हे नक्कीच नाही. आधी नियमाने करायचं, गोडी नसली तरी. पुढे कधीतरी नियम गळून ओढ उरते.

शेवटी विरह. यावर वैष्णव ग्रंथांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, आणि ते का, हे मला पंचवटीत राहून कळलं. रासात कृष्ण अचानक नाहीसा होतो आणि गोपी वेड्यासारख्या झाडांना विचारत फिरतात. अश्वत्था, प्लक्षा, न्यग्रोधा, आमचं मन चोरून नेणाऱ्या त्याला पाहिलंत का? न्यग्रोध म्हणजे वड. आता सीतागुंफेजवळचे पाच वड आठवा, ज्यांच्यावरून पंचवटी हे नाव पडलं. याच पंचवटीत, वाल्मीकी सांगतात, सीता दिसेना तेव्हा राम कदंबाला, बेलाला, अशोकाला, जांभळीला विचारत फिरला. माझी सीता पाहिलीस का? वृंदावनात भक्त देवासाठी झाडांना विचारतो, आपल्या पंचवटीत देवच प्रेमापायी झाडांना विचारतो. प्रेमात देवही सुटत नाही. भागवतात विष्णू दुर्वासांना तोंडावर सांगतो की मी भक्तांच्या अधीन आहे, मला स्वातंत्र्य नसल्यासारखंच आहे.

कृष्ण परतल्यावर गोपी त्याला प्रश्न विचारतात. काही लोक प्रेम करणाऱ्यावरच प्रेम करतात, काही प्रेम न करणाऱ्यावरही करतात, काही कुणावरच करत नाहीत. हे समजावून सांग. तो म्हणतो, परतफेडीवर चालतं ते प्रेम म्हणजे निव्वळ स्वार्थ. न करणाऱ्यावर जे करतात ते आईबापांसारखे. आणि मी नाहीसा झालो ते यासाठी की गरिबाला धन सापडून हरवलं तर त्याला दुसरं काही सुचत नाही, तसं तुमचं मन माझ्याकडे लागावं. मग तो जे म्हणतो, ते देवाच्या तोंडी ऐकायची आपल्याला सवय नाही: ‘न पारयेऽहं’. तुमचं ऋण फेडणं मला शक्य नाही, देवांचं आयुष्य मिळालं तरी.

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपण नवस फेडतो. आणि इथे तो म्हणतो, मला फेडता येत नाही?"

"हो."

"मग त्या आजींना गारांचं काय सांगेल तो?"

मला ते सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला तोच मला उठवायला आला. रात्री त्याने आलं किसून डब्यात भरून ठेवलं होतं.